‘मॅडम, कुठलं अँटिऑक्सिडंट घेऊ?’

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मी किती जणींच्या तोंडून ऐकला, याची मोजदाद मी सोडून दिली आहे. आठवड्यातल्या दोन दुपारी मी चिंचवडच्या बाजूच्या एका प्रसूतिगृहात समुपदेशनाला बसते. बारा वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हा प्रश्न असायचे ते ग्रहणाचे, पपईचे, केशराच्या दुधाचे. ते अजूनही येतात, पण हल्ली बहुतेक सासूबाईंच्या नावावर येतात (“आई म्हणतात म्हणून विचारते हं”). स्वतःच्या नावावर येतो तो हा: “मला टेन्शन फार येतं. टेन्शनने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो म्हणे. बाळाला काही होणार नाही ना? कुठलं अँटिऑक्सिडंट घेऊ?”

(ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू शरीरात जास्त होणं, आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे त्यांना आवर घालणारे पदार्थ. सविस्तर पुढे येईलच.) वाचणारीला दोष देण्यात अर्थ नाही. रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं, मग झोप लागत नाही, उशाशी मोबाइल असतो. एकदा ‘प्रेग्नन्सी अँड स्ट्रेस’ असं शोधलं की पुढचे आठ दिवस कॅप्सूलच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. या प्रश्नाचं सरळ उत्तर दोन मिनिटांत देता येतं. पण ते दोन मिनिटांत देऊन मी एकदा चांगलीच तोंडावर आपटले आहे. ती हकिगत आधी सांगते.

मृणाल (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही) माझ्याकडे आली तेव्हा तिला चौदावा आठवडा लागला होता. वय एकतीस. मेकॅनिकलचा डिप्लोमा, चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी. सोनोग्राफी चांगली, बीपी चांगलं, साखर चांगली. डॉक्टरबाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं, कारण दर तपासणीला ती वहीतून प्रश्न वाचून दाखवायची आणि बाहेर बाकावर वीस-बावीस जणी ताटकळत असायच्या.

बसायच्या आधीच तिने हातातली कापडी पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्यात होत्याच. शिवाय व्हिटॅमिन ईच्या हिरव्या मऊ कॅप्सूल, पाण्यात टाकली की फसफसणारी हजार मिलिग्रॅमची व्हिटॅमिन सीची नळी, द्राक्षाच्या बियांच्या अर्काची बाटली, आणि आत प्लास्टिकचा चमचा असलेला हिरव्या पावडरचा मोठा डबा. प्रत्येक झाकणावर पांढरं स्टिकर, त्यावर बारीक, एकसारख्या अक्षरात वेळ लिहिलेली: ७.३०, ११.००, ४.१५. सव्वाचार! चारही नाही, साडेचारही नाही. चिंता अशी मिनिटांत मोजलेली दिसली की मी जरा सावध होते.

“हे सगळं कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“कोणी नाही. मीच अभ्यास केला. मॅडम, यातलं बेस्ट कुठलं, तेवढं सांगा. बाकीची बंद करते.”

आणि मी, इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही, उत्तर द्यायला लागले.

मी जे सांगितलं ते खरं होतं, म्हणून इथेही सांगते. १९९९ साली इंग्लंडमध्ये २८३ गर्भवतींवर एक अभ्यास झाला होता. ज्यांना प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून गुंतागुंत होण्याचा धोका जास्त आहे अशा या बायका. त्यांना रोज व्हिटॅमिन सी आणि ई जास्त मात्रेत दिल्यावर तो त्रास कमी दिसला. सगळ्यांना आशा वाटली, आणि ती वाटणं साहजिकच होतं. मग मोठे अभ्यास झाले. २००६ साली ब्रिटनमधल्या अशाच जास्त धोक्याच्या २,४१० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज हजार मिलिग्रॅम सी आणि चारशे युनिट ई, म्हणजे मृणालच्या पिशवीतलीच मात्रा. प्रीएक्लॅम्प्सिया तर टळला नाहीच, उलट गोळ्या घेतलेल्या गटात कमी वजनाची बाळं जास्त होती: शंभरात २८, दुसऱ्या गटात २४. २०१० साली अमेरिकेतला अभ्यास आला, दहा हजारांवर पहिलटकरणींचा, ज्यांना विशेष धोका नव्हता, म्हणजे मृणालसारख्याच निरोगी बायकांचा. तिथेही फायदा शून्य. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच लिहिलं की आई-बाळाचं भलं व्हावं म्हणून सी आणि ईच्या गोळ्या देण्याची शिफारस आम्ही करत नाही.

मृणालने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आकड्यांखाली रेघ मारली. थँक्यू म्हणाली. तिची पिशवी मी डॉक्टरबाईंना दाखवायला सांगितली. कुणाची गोळी बंद करणं समुपदेशकाच्या हातात नसतं, नसावंही. डॉक्टरांनी लोह आणि कॅल्शियम ठेवून बाकी सगळं बंद केलं. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देऊन घरी गेले.

पंधरा दिवसांनी ती आली. पिशवी नव्हती. फोनमध्ये एक्सेलचा तक्ता होता.

“कॅप्सूल सोडल्या मॅडम. सगळं नॅचरल केलं.”

सकाळी आवळ्याचा रस, अकराला डाळिंबाचा, दुपारी बिटाचा, दिवसातून चार वेळा ग्रीन टी, आणि सव्वाचारला, वेळ तीच, भिजवलेले अक्रोड बरोबर चार. मधल्या काळात तिची झोप आणखी कमी झाली होती. डाळिंबं स्वच्छ मिळत नाहीत म्हणून ती रोज अर्धा तास दाणे एकेक निवडत बसायची. (ग्रीन टीबद्दल जाता जाता: चहा हिरवा असला तरी चहाच. तो जेवणाला किंवा लोहाच्या गोळीला लागून घेतला तर लोह शोषलं जायला आड येतो.)

मी तिच्या हातातली गोळी काढून घेतली होती आणि तिने तिथे डाळिंब ठेवलं होतं. मुठीत काय धरलंय याच्याशी मी बोलत बसले होते. मूठ का आवळली आहे हे विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी तीच म्हणाली, “मॅडम, मला ‘अहो-जाहो’ नका करू, अवघडल्यासारखं होतं.” मग मी ‘तू’वर आले. आणि म्हटलं, आज गोळी नाही, रस नाही. आत नेमकं काय चाललेलं असतं ते सांगते, तू फक्त ऐक. वही मिटून ठेवायला लावली. हे लहानसं वाटतं, पण वही मिटल्यावर तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

मी सांगितलं ते असं. आपण श्वास घेतो, पेशी त्या प्राणवायूवर ऊर्जा तयार करतात, आणि त्या कामात काही खोडकर रेणू उडतात, चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे. त्या विझवायची व्यवस्था शरीरातच असते: काही विकरं (एन्झाइम्स) शरीर स्वतः बनवतं, त्यासाठी जस्त, तांबं, सेलेनियम अशी खनिजं थोडी थोडी लागतात, आणि काही मदत जेवणातून येते. या विझवणाऱ्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. ठिणग्या जास्त आणि विझवणारे कमी अशी वेळ आली की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. १९८५ साली हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञाने ही संज्ञा रूढ केली.

आता गरोदरपणाचं. वार, जिला तुम्ही प्लासेंटा म्हणता, ती भराभर वाढणारी, सतत राबणारी. तिथे चूल मोठी, म्हणून ठिणग्याही जास्त. त्यामुळे अगदी निरोगी गरोदरपणातही हा ताण एरवीपेक्षा वाढलेलाच असतो. त्याच्याबरोबर विझवणारी यंत्रणाही वाढत जाते. दोन्ही पारडी वर जातात, तोल राहतो. ठिणग्या शून्य झाल्या तर तेही बरं नाही, कारण वार रुजताना पेशी एकमेकींना जे निरोप देतात त्यांत याच रेणूंचा हात असतो.

आणि सुरुवातीचे आठवडे तर बाळंतिणीच्या खोलीसारखे असतात. आपल्याकडे बाळंतिणीची खोली कशी असते? खिडक्या लोटलेल्या, उजेड बेताचा, बाहेरचं वारं एकदम येऊ द्यायचं नाही. तसंच आत. पहिले आठ-दहा आठवडे आईच्या रक्तवाहिन्यांची वारेकडची तोंडं पेशींच्या बुचांनी जवळजवळ बंद असतात. प्राणवायू मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण अवयव घडत असताना ठिणग्या नकोत. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास ती बुचं सैल होतात, आईचं रक्त मोकळं वाहायला लागतं, आणि वारेतला प्राणवायू जवळपास तिपटीने वाढतो. त्या वेळी वारेला एक मोठा झटका बसतोच, आणि ती त्याच वेळी आपली विकरं वाढवून तो पचवते. तुझ्या बाळाने ही परीक्षा केव्हाच…

“नवव्या आठवड्यात?” मृणालने मधेच विचारलं.

“काय नवव्या आठवड्यात?”

“ते झाकण. नवव्या आठवड्यात उघडलं, आणि तेव्हा आईला भयंकर टेन्शन असलं, तर जास्त झटका बसतो का?”

मी काही बोलले नाही. पंखा फिरत होता तेवढाच आवाज. ती मिटलेल्या वहीचं स्पायरल नखाने एकेक कडं मोजत होती.

“माझं आधीचं नवव्या आठवड्यात गेलं,” ती म्हणाली. “तीन वर्षं झाली. फाइलमध्ये आहे ते. पण फाइलमध्ये हे नाही, की त्या आठवड्यात आमच्याकडे कस्टमरचं ऑडिट होतं. तीन दिवस मी रात्री अकराला घरी येत होते. मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. आणि शुक्रवारी…”

पुढचं ती बोलली नाही, मीही बोलायला लावलं नाही.

म्हणजे तीन वर्षं या मुलीच्या मनात एक सरळ रेघ आखलेली होती. मॅनेजर बोलला, मला स्ट्रेस आला, तो स्ट्रेस म्हणजेच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, त्याने माझं बाळ गेलं, म्हणजे मी ते घालवलं. त्या रेघेच्या शेवटी आता सोळाव्या आठवड्यातलं दुसरं बाळ उभं होतं. सव्वाचारची कॅप्सूल त्याच्यासाठी नव्हतीच. ती त्या पहिल्यासाठी होती, तीन वर्षं उशिरा दिलेली. इथे मला जे उमगलं त्याची मला आजही थोडी फुशारकी वाटते, तेवढी मुभा वाचकांनी द्यावी. त्या दिवसापासून कुठल्याही गर्भवतीने ‘कुठलं अँटिऑक्सिडंट’ म्हणून विचारलं की मी उत्तराआधी विचारते, “आधी कधी काही झालं होतं का, तुझं किंवा घरात कुणाचं?” दहातल्या सहा-सात जणींच्या प्रश्नाखाली काहीतरी निघतंच.

त्या दिवशी मी एवढंच विचारलं, “तू डिप्लोमाला स्ट्रेस शिकली असशील ना? धातूचा?”

“हो. फोर्स भागिले क्षेत्रफळ. न्यूटन पर स्क्वेअर मिलिमीटर.”

“मग मॅनेजर ओरडला तेव्हा किती न्यूटन पर स्क्वेअर मिलिमीटर स्ट्रेस आला?”

ती गोंधळली. मग तिला हसू फुटलं, आणि हसताहसताच डोळे भरले. “तो वेगळा हो, मॅडम.”

“तसाच हाही वेगळा. एकाच नावाची तीन माणसं आहेत ही. तिघं एका गावची असतील, ओळखदेख असेल, पण एकाने केलेली चोरी दुसऱ्याच्या नावावर नाही लिहायची.”

हे म्हणताना मी जपून बोलत होते. मनाचा आणि शरीराचा काहीच संबंध नाही असं मी कुणालाही सांगणार नाही, ते खोटं ठरेल. महिनोन्‌महिने खोल नैराश्य असलं, झोप-जेवण उडालं, तर त्याची काळजी घ्यावीच लागते, बाळासाठी आणि त्याच्या कितीतरी आधी आईसाठी. पण ऑडिटचा आठवडा, मॅनेजरचं ओरडणं, वॉशरूममधलं रडणं, एवढ्याने गर्भ पडत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात, त्यातले निम्मे किंवा त्याहून जास्त गुणसूत्रांतल्या चुकीमुळे जातात, आणि ती चूक बहुतेक वेळा गर्भ धरतानाच झालेली असते. मृणालचं ऑडिट कदाचित तेव्हा कॅलेंडरवर लागलंही नसेल. हे तिला डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलंच असणार. पण अपराधी वाटत असताना माणसाच्या कानावर पडतं ते आत उतरत नाही.

मी ज्या परंपरेत शिकले ती अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची, ज्याने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. आपल्याकडे ती चांगली रुजली आहे, आणि माझ्या मते त्याला एक कारण मराठीच आहे. आपल्या भाषेत ‘च’ आहे. “बाळ निरोगी व्हावं” ही इच्छा झाली. “बाळ निरोगी झालंच पाहिजे, आणि त्यासाठी माझ्याकडून एकही चूक होता कामाच नये” हा हट्ट झाला. इच्छा माणसाला तपासणीला घेऊन जाते, हट्ट त्याला सव्वाचारला अक्रोड मोजायला बसवतो. इतर विचारसरणीच्या मैत्रिणी मला म्हणतात की तू फार डोक्यातून काम करतेस. असेलही. पण मला त्या ‘च’ची शिकार करायला आवडतं.

मात्र मृणालच्या बाबतीत ती शिकार मी केली नाही. तिने केली. तिसऱ्या की चौथ्या भेटीत. रस कमी झाले होते, पण आता ती दिवसभरात किती वेळा चिडली ते तक्त्यात लिहीत होती. प्रत्येक लाल चौकोन म्हणजे एक गुन्हा.

मी विचारलं, “तुमच्याकडे शाफ्टचा व्यास पंचवीस मिलिमीटर पाहिजे असेल, तर प्रत्येक शाफ्ट बरोब्बर पंचवीस येतो?”

“छे! कधीच नाही येत. प्लस-मायनस असतं ना. ड्रॉइंगवरच लिहिलेलं असतं. त्याच्या आत आला की पास.”

“आणि कुणी म्हणालं, प्लस-मायनस नको, झिरो पाहिजे?”

“असा पार्ट कुणी बनवूच शकत नाही. असं ड्रॉइंग आलं तर आम्ही ते परत पाठव…”

ती थांबली. फोनवरच्या तक्त्याकडे बघत राहिली. कितीतरी वेळ. बाहेरून सिस्टरने कुणाचं तरी नाव दोनदा पुकारलं.

“मी स्वतःला तेच ड्रॉइंग दिलंय,” ती म्हणाली. “झिरो.”

मी पुढे एक शब्द बोलले नाही. समुपदेशनाच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम हेच असतं. समोरच्याने कुलूप उघडलं की दार ढकलायला हात शिवशिवतात. मी ते हात मांडीवर घट्ट धरून बसले. तिने तक्ता उघडला, लाल चौकोनांचा रकाना निवडला, पुसला नाही, लपवला. एक्सेलमध्ये रकाना लपवता येतो, ते मला तेव्हा कळलं. “लगेच डिलीट नाही करत,” ती म्हणाली, “हळूहळू.” मला ते फार आवडलं. ‘च’ नव्हता त्यात.

आता ज्या मृणाल नाहीत पण ज्यांना प्रश्न तोच पडलाय, त्यांच्यासाठी.

तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडून अँटिऑक्सिडंट म्हणून वेगळं काही विकत घेऊ नका. आधीच घेत असाल तर पिशवी जशीच्या तशी डॉक्टरांपुढे उलटी करा, लाजू नका. गरोदर बाईला दिवसाला व्हिटॅमिन सी लागतं साधारण ८० मिलिग्रॅम, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. ती फसफसणारी गोळी त्याच्या बारा पट असते. पेरूच्या शंभर ग्रॅममध्ये दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एका मध्यम पेरूत दिवसाचं काम होऊन वर उरतं. पोह्यांवर लिंबू पिळलंत तर सी मिळतंच आणि पोह्यांतलं लोहही नीट शोषलं जातं. ई हवं असेल तर सूर्यफुलाचं किंवा करडईचं तेल आणि मूठभर शेंगदाणे आहेत. ‘ए’च्या बाबतीत मात्र सावध: गाजर, भोपळा, पालेभाज्या हव्या तेवढ्या खा, पण रेटिनॉलच्या, म्हणजे तयार ‘ए’च्या, जास्त ताकदीच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. सुरुवातीच्या महिन्यांत त्यांनी बाळात दोष होऊ शकतो, आणि त्वचेसाठी, केसांसाठी म्हणून त्या सर्रास घेतल्या जातात.

‘नॅचरल’ म्हणून तक्ता आखायचीही गरज नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात जवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचं खाणं बारकाईने नोंदवलं होतं. या शेतावर राबणाऱ्या, अंगाने बारीक बायका. ज्या पालेभाजी आणि फळं वरचेवर खात होत्या, दूध घेत होत्या, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. त्या बाळांच्या आकाराचा आईने किती उष्मांक नि किती प्रथिनं खाल्ली याच्याशी तेवढा संबंध दिसला नाही, याचं मला सगळ्यात नवल वाटलं होतं. तिथे ना डाळिंबाचा रस होता ना अक्रोड. जे परसात आणि बाजाराला मिळतं तेच. अर्थात पालेभाजी म्हणजे जादू नव्हे. पुढे मुंबईच्या वस्त्यांत पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला रोजचा खाऊ देऊन पाहिला, तेव्हा सरसकट सगळ्यांच्या बाळांचं वजन वाढलं नाही. फरक दिसला तो ज्यांनी दिवस राहायच्या किमान तीन महिने आधीपासून खाल्लं आणि ज्या फार कृश नव्हत्या त्यांच्यात. म्हणून लग्न ठरलेल्या, मुलाचा विचार करणाऱ्या मुलींनो, आजपासून खा.

आणखी एक, हल्लीच कानावर यायला लागलेलं: “लोहाने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, म्हणून मी लोहाच्या गोळ्या सोडल्या.” सुटं, जादा लोह ठिणग्या वाढवतं हे रसायनशास्त्रात खरं आहे. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयी निघाल्या. इथे दुखणं लोह कमी पडण्याचं आहे. गोळीने मळमळतं, शौचाला घट्ट होतं, तर डॉक्टरांना सांगून वेळ किंवा गोळी बदलून घ्या, सोडू नका. कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा.

आणि ठिणग्या खरोखरच कमी करायच्या असतील तर घरात बघा. एक बाई माझ्याकडे हिरव्या पावडरची चौकशी करायला आली होती, सहावा महिना, आणि बोलताना तिच्या दातांच्या कडा काळ्या दिसल्या. “मिश्री लावता का?” “हो, सकाळी जरा. त्याशिवाय पोट साफ होत नाही.” मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरड्यांतून निकोटिन सरळ रक्तात जातं, आणि मिश्री लावणाऱ्या आयांची बाळं कमी वजनाची होतात. दीड हजारांचा डबा घेऊन वर मिश्री लावणं म्हणजे एका हाताने पाणी ओतायचं आणि दुसऱ्याने फुंकर घालायची. नवरा गॅलरीत सिगारेट ओढत असेल तर त्याने ती सोडावी, निदान घरात तरी धूर नको. ओल्या लाकडाची चूल असेल तर या नऊ महिन्यांत तो स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करावा. हे सांगितलं की घरचे माझ्याकडे वाईट नजरेने बघतात. डबा विकत आणणं सोपं असतं, त्यात घरातल्या कुणालाच बदलावं लागत नाही.

ज्या प्रीएक्लॅम्प्सियाच्या भीतीने सी आणि ईचे ते अभ्यास सुरू झाले, तो ओळखण्यासाठी अँटिऑक्सिडंटची महागडी रक्ततपासणी लागत नाही. बीपीचा पट्टा आणि लघवीची तपासणी लागते, दर भेटीला. बीपी १४० बाय ९० किंवा वर, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, छातीखाली उजवीकडे दुखणं, तोंडावर एकाएकी सूज, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता जायचं. ज्यांना धोका जास्त आहे त्यांना डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. ती मात्र खरोखर उपयोगी ठरलेली आहे, आणि गंमत म्हणजे तिच्याबद्दल मला कधीच कुणी विचारत नाही, कारण तिची जाहिरात होत नाही.

मनाचं म्हणाल तर: काळजी वाटली, रडू आलं, नवऱ्यावर ओरडलात, एवढ्याने बाळाचं काही बिघडत नाही. ‘गरोदर बाईने सदैव प्रसन्न असावं’ हे वाक्य मला गर्भसंस्काराच्या सगळ्या ऑडिओंतून कापून टाकावंसं वाटतं. पण दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगावंसं वाटत नाही, असं झालं तर डॉक्टरांशी बोला. १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास.

मृणाल शेवटची आली तेव्हा बत्तिसावा आठवडा होता. पिशवीत फक्त फाइल आणि पाण्याची बाटली. निखिलने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, सिगारेट सोडल्याचं तिने सांगितलं, मग “जवळजवळ सोडली” असं सुधारलं. मग म्हणाली, “ताई,” (मॅडमची ताई कधी झाले ते मला आठवत नाही) “मी आईंना सांगितलं. त्या पहिल्याचं.”

सासूबाईंना तीन वर्षं माहीत नव्हतं. तेव्हा त्या गावी होत्या, आणि या दोघांनी कुणालाच कळवायचं नाही असं ठरवलं होतं.

“रविवारी मेथी निवडत बसलो होतो दोघी. मी खाली बघूनच सांगितलं. म्हटलं आता काय म्हणतील ते म्हणतील. त्या काही बोलल्याच नाहीत. निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, निखिलच्या आधी माझंही एक गेलं होतं. पाचव्या महिन्यात. भाताच्या लावणीत. सगळे म्हणाले वाकून काम केलं म्हणून गेलं. चौतीस वर्षं झाली, मलाही तसंच वाटतं.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी त्यांना ते गुणसूत्रांचं सांगायला गेले, मग लक्षात आलं, पाचव्या महिन्याचं वेगळं असतं, आपल्याला काय माहीत. मग काहीच नाही म्हणाले. तशीच जवळ बसले. रडलो दोघी. मेथी तशीच राहिली, काड्याबिड्या सगळ्या गेल्या भाजीत.”

“कशी झाली मग?”

“कडू झाली होती,” मृणाल म्हणाली. “पण संपवली.”